जठारपेठेतला ओटा आणि वावरातले रोडगे

अकोल्याला निघाले की आमच्या पुण्यातली माणसे हटकून विचारतात, "इतक्या लांब? तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?" मी सांगते, "जठारपेठेत माझी मैत्रीण आहे." शाळेत एका बाकावर बसणारी ही मैत्रीण लग्न होऊन वऱ्हाडात गेली त्याला पंचवीस वर्षे झाली. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी मला अकोले घडते. कोणी पंढरीला जातो. मी जठारपेठेला जाते!

यंदा गेले ती पौषात. निमित्त होते तिच्या नव्या स्वयंपाकघराचे. "ये आणि बघ, तुला ओळखूसुद्धा येणार नाही," असे तिने फोनवर बजावले होते. भुसावळ मागे पडले, शेगावला गाडीतूनच गजानन महाराजांना हात जोडले आणि थोड्याच वेळात अकोला स्टेशनावर उतरले. रिक्षावाल्याला नुसते "जठारपेठ" म्हटले की पुरते. मध्यमवर्गीयांची ही वस्ती. माझ्या पहिल्या फेरीतली अंगणाची घरे आता कमी झाली आहेत; त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या आहेत. पण दारातली रांगोळी आणि गच्चीवरचे वाळवण अजून टिकून आहे.

स्वयंपाकघर खरोखरच ओळखू आले नाही. पूर्वी ती एक लांबट, काळपट खोली होती. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात पाटा-वरवंटा आणि परसात उघडणारे दार. आता काळ्याभोर ग्रॅनाइटचा ओटा, वर चिमणी, खाली हात लावताच आवाज न करता सरकणारे कप्पे! उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून धूर-वाफ बाहेर टाकणारा पंखाही बसवला आहे. मैत्रीण एकेक कप्पा उघडून दाखवीत होती आणि मी मनातल्या मनात आमच्या पुण्याच्या ओट्याची मापे घेत होते. आता हेवा वाटला नाही असे कसे म्हणू?

दुसऱ्या दिवशी दुपारी भिशी होती. या पाच बायकांची भिशी वीस वर्षे चालली आहे. पैसे हे निमित्त. खरी देवघेव बातम्यांची. एकीने मुलाने पाठवलेल्या भांडी घासायच्या यंत्राची कथा सांगितली. "मी आधी भांडी घासते, मग त्याच्यात टाकते. मले भरवसाच नाही वाटत!" दुसरी नातवंडांना घेऊन लोणारचे सरोवर पाहून आली होती. तिसरीचे मिस्टर नरनाळा चढताना अर्ध्यावर बसले होते. "म्हणे, तुम्ही व्हा पुढे, मी खालून किल्ला पाहून राहिलो!" हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

पण मला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. पूर्वी ही भिशी स्वयंपाकघरात भरे. फरशीवर पाय पसरून बसायचे. कोणी अंबाडी निवडायची, कोणी तुरीच्या शेंगा सोलायच्या, आणि घरची बाई तिथेच चुलीपुढे, पुढे गॅसपुढे, बसून ऐकायची. आता मंडळी दिवाणखान्यात कोचावर, आणि माझी मैत्रीण एकटी आत ओट्याशी. तिकडून ती ओरडून विचारी, "काय म्हणाल्या? पुन्हा सांगा!" आणि पुन्हा सांगितलेल्या विनोदाला कुठे हसू येते?

अखेर भिशीतल्या सर्वांत वडील काकू म्हणाल्या, "आता आपण पाहुणे झालो वो या घरी."

हे बोलणे चहा घेऊन येणाऱ्या मैत्रिणीने ऐकले. तिचा चेहरा उतरला. कोणी काही बोलले नाही.

रात्री ती मला म्हणाली, "दोन वर्षे पैसे साठवून हे केलं गं. गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. मग माझं चुकलं का?"

मला उत्तर सुचले नाही.

रविवारी पाचही घरांची मिळून रोडग्यांची सहल ठरलेली होती. मंडळी अकोटच्या रस्त्याला लागली. वाटेत गांधीग्रामला पूर्णा नदी लागते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी इथूनच पाण्याने भरलेल्या कावडी खांद्यावर घेऊन हजारो भक्त अकोल्याच्या राजराजेश्वराकडे पायी निघतात. अंतर सुमारे अठरा किलोमीटर. काठाकाठाने अकोटची रेल्वेही दिसते. ही जुनी मीटरगेज २०२२ मध्ये ब्रॉडगेज होऊन पुन्हा धावू लागली.

गाडीत काकू माझ्या शेजारी होत्या. त्यांचे माहेर याच भागातले. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे. "त्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, बाई. डाळीपुरतं गोडं पाणी माझी माय दुरून डोक्यावर आणे. धुरानं तिचे डोळे गेले." मग त्यांनी एकेक आठवण काढली. आपल्याकडे प्रेशर कुकर बनू लागले ते १९५९ च्या सुमारास, इंडेनचा गॅस आला १९६५ मध्ये. पण काकूंच्या घरी तो यायला नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. "पहिल्या दिवशी शेगडी पेटली अन् मी रडली. धूर नव्हता तरी रडली!"

"मग परवा तसं का म्हणालात, काकू?" मी धीर करून विचारले.

"ओट्याले नाही म्हटलं मी. ती एकटी पडली, म्हणून म्हटलं."

वावरात पोचलो तेव्हा तुरी कापणीला आल्या होत्या. पुरुषमंडळींनी गोवऱ्या रचून पेटवल्या. वऱ्हाडात रोडगे करणे हे बहुधा पुरुषांचे काम. घरी पाण्याचा पेला स्वतः न घेणारे गृहस्थ इथे बाह्या सरसावून जाडसर कणीक तिंबतात! ओवा, मीठ, तेलाचे मोहन. गोळ्यावर तेल लावून दुसरा पदर, त्यावर तिसरा. निखारे पडले की रोडगे फुफाट्यात पुरायचे. शेजारी तीन दगडांवर मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. वरणाला मात्र घरून आणलेले पाणी. इथले चालायचे नाही.

आणि आम्ही बायका? लिंबाखाली सतरंजी टाकून बसलो होतो. ज्यांचे गुडघे दुखत त्यांना घडीच्या खुर्च्या होत्या. तुरीच्या शेंगा सोलता सोलता नरनाळ्याची गोष्ट पुन्हा रंगली. आज मैत्रीण सर्वांच्या मधोमध होती आणि विनोद तिला पहिल्याच खेपेला ऐकू येत होता. राख झटकून, फोडून, तुपात बुडवलेला तो रोडगा मी दोन खाल्ले आणि तिसऱ्याकडे पाहत राहिले.

परतताना मैत्रीण काकूंना म्हणाली, "काकू, या घडीच्या खुर्च्या माझ्या स्वयंपाकघरात मावतील का हो?"

"मावतील कशा नाही? जेवणाचं टेबल थोडं सरकव. अन् तुझ्या मिस्टरांले सांग, भिशीच्या दिवशी चहा त्यांच्याकडे. आज कणीक तिंबली, म्हणजे हात तं चालतात!"

पुढच्या सीटवर मैत्रिणीचे यजमान होते. ते एकदम खिडकीबाहेर पाहू लागले.

मी पुण्याला परतले. महिन्याभराने फोन आला. मागे इतका गलका होता की मैत्रिणीचे बोलणे धड ऐकूच येईना. "कुठून बोलतेस?" मी ओरडून विचारले.

"ओट्यापासून!" ती म्हणाली. "भिशी आहे. थांब, चहा आला."