सोन्याचे मांजर

मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर वाहावे लागते, हे ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. कुत्र्याच्या, कावळ्याच्या, फार काय शेजाऱ्याच्याही वाट्याला हा मान आलेला नाही. आमच्या आईचा या दंडावर पूर्ण विश्वास होता. सोन्याचा भाव आमच्या घराला कधीच परवडणारा नव्हता. त्यामुळे आमच्या घरात मांजर कधी मारले गेले नाही. सोडली मात्र पुष्कळ.

ही गोष्ट गिरगावातल्या चाळीतली, १९६३-६४ च्या सुमाराची. दोन खोल्या, सात माणसे आणि ठमी नावाची एक मांजरी. ठमी हौसेची नव्हती, नोकरीवरची होती. रेशनचे तांदूळ डब्यात राहत नसत, गोणपाटात राहत. आणि गोणपाट कुरतडणारी घूस दिवसाढवळ्या मोरीतून डोके वर काढून आईशी नजरानजर करी. तेव्हा ठमीला बशीभर दूध हा पगार ठरला होता. तिने कामात कधी कसूर केली नाही. फक्त वर्षातून दोनदा, कधी तीनदा, ती बाळंतपणाची रजा घेई.

मांजर पिलांना सात घरे दाखवते म्हणतात. ठमीने आमच्या मजल्यावरची सगळी बिऱ्हाडे पिलांना दाखवली. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेमागे, एकदा तर एका भिक्षुकांच्या सोवळ्याच्या टोपलीत. मग मजल्यावरच्या बायका आमच्या दारात उभ्या राहत आणि काही न बोलता आईकडे पाहत. आईला उत्तर द्यावेच लागे.

उत्तर म्हणजे मी. वडील कचेरीत, मोठे भाऊ शाळेत, आणि आईच्याने ते होत नसे. दळणाची खाकी पिशवी माझ्या हातात देऊन ती म्हणे, "मासळीबाजाराच्या मागं सोडून ये. तिथं त्यांना खायला मिळेल."

मी आठनऊ वर्षांचा असेन. पिशवीला वजन असे नसेच; पण चालताना ती पायाला लागे आणि कोमट लागे. मधूनच कापडातून एखादे नख पोटरीला टोचे. बाजाराच्या मागे बर्फाच्या खोक्यांपाशी मी पिशवी आडवी करी आणि मागे न बघता पळत सुटे. एकदा एका कोळणीने मला पकडले. "ए पोरा, परत ने ती! आमच्याकडं काय मांजरांचा तुटवडा हाय?" तेव्हा मला थांबावे लागले आणि पिलांकडे पाहावे लागले. डोळे नुकते उघडलेले, निळे. नवजात पिलाचे डोळे पहिला आठवडा-पंधरवडा मिटलेले असतात, आणि महिनाभर तरी त्याला आईच्या दुधाखेरीज काही पचत नाही, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. तरी मासळीचा त्यांना काही उपयोग नाही एवढे मला त्या घडीला स्वच्छ समजले. मी कोळणीला "बरं" म्हटले, वळण घेतले आणि पिले दुसऱ्या खोक्यामागे ठेवून घरी आलो.

ठमी दोन दिवस गॅलरीतून हाका मारीत फिरे. आई तिला त्या दोन दिवसांत दुधावरची साय देई. अशा माझ्या तीन खेपा झाल्या.

आज कोणाला वाटेल की आमची मंडळी निर्दय होती. तसे नव्हते. दुसरा रस्ता असतो हेच ठाऊक नव्हते. माणसांसाठी र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. मांजरांसाठी कोण शिव्या खाणार? परळला जनावरांच्या डॉक्टरांचे कॉलेज १८८६ सालापासून आहे. पण परळचे डॉक्टर म्हणजे घोड्याबैलांचे, अशी आमची समजूत. बशीभर दुधावर काम करणाऱ्या ठमीला ट्रॅमने दवाखान्यात नेणे म्हणजे खुळेपणा झाला असता.

त्यानंतर पन्नासएक वर्षे मी मांजर पाळले नाही. कारण विचारले तर केसांचे सांगत असे.

तीन वर्षांपूर्वी नातीने डोंबिवलीच्या आमच्या घरात एक पिलू आणले. "आजोबा, बोका आहे, काही कटकट नाही," अशी ग्वाही देणाऱ्याने दिली होती. पांढऱ्यावर तांबडे नि काळे ठिपके, चाल ऐटबाज. नाव ठेवले बाजीराव. लस टोचायला नेले तेव्हा डॉक्टर, माझ्या मुलाच्या वयाचे, हसूच लागले. "काका, तीन रंगांचं मांजर म्हणजे जवळजवळ नेहमी भाटीच. तांबडा आणि काळा दोन्ही रंग अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात. असा बोका क्वचित निघतो." बाजीरावाची मस्तानी झाली. नातीला आनंद झाला, माझ्या पोटात गोळा आला.

सहाव्या महिन्यातच मस्तानी रात्री अशा आवाजात आळवू लागली, की पहिल्या दिवशी ती आजारी आहे असे समजून सौ.ने तिला ओव्याचा शेक दिला. खाली वाहनतळावर चार बोके मैफलीला जमले. डॉक्टरांनी समजावून दिले ते असे: मांजरीची ओरड चार दिवसांनी थांबली म्हणून निर्धास्त व्हायचे नाही, समागम झाला नाही तर ती थोड्या दिवसांनी पुन्हा सुरू होते, आणि झाला तर दोन महिन्यांत पिले, ती पिले अंगावर पीत असतानाच पुन्हा दिवस राहू शकतात. ठमीच्या रजांचा हिशेब मला साठ वर्षांनी कळला.

शेजारच्या काकूंनी सल्ला दिला, "एकदा तरी आई होऊ द्या बिचारीला." हा सल्ला सर्वत्र मिळतो. डॉक्टर म्हणाले, त्याला आधार नाही. उलट लवकर शस्त्रक्रिया केली तर पुढे स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो, आणि गर्भाशयच काढल्यामुळे त्यात पू होण्याचे दुखणेही टळते.

"खर्च?"

"सात हजार. औषधं वेगळी."

मी गप्प बसलो. माझ्या पहिल्या नोकरीचा तो जवळजवळ दीड वर्षाचा पगार. डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. बोक्याचे काम थोडक्यात आटपते. भाटीचे म्हणजे पोट उघडून अंडाशय आणि गर्भाशय काढायचे. भूल, हत्यारे, मदतनीस, गाळ्याचे भाडे. माणसाच्या दवाखान्यात याच कामाचा आकडा ऐकून आपण चहा विचारतो. मी पैसे भरले. सौ.ने माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापून मस्तानीला टाके चाटता येऊ नयेत म्हणून अंगरखा शिवला. तो घालून ती आठ दिवस घरात फिरली, एखाद्या रुसलेल्या सरदारासारखी.

आमच्याकडे धुण्याभांड्याला मावशी येतात. त्यांनी अंगरख्याखालून डोकावून पाहिले. "काका, पोट कशापायी भादरलंय हिचं?" सौ.ने सांगितले. मावशींनी किंमत विचारली. सौ.ने जरा कमी करूनच सांगितली, पण तीही मावशींच्या आमच्याकडच्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त होती. मावशी भांडी घासू लागल्या आणि थोड्या वेळाने, कोणाला उद्देशून नाही अशा स्वरात म्हणाल्या, "आमच्या सोनीला चार झाली होती. बेस्तरवारी बाजारात सोडून आले. तिथं त्यांना खायला मिळतं."

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

वडील गेल्यावर १९८६ साली मी आईला काशीला नेले होते. गंगेचे स्नान झाले, विश्वनाथाचे दर्शन झाले. मग आईने मला घाटावर बाजूला घेतले आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. तिच्यात गुंज-दोन गुंजांचे एक सोन्याचे काहीतरी होते. गिरगावातल्या सोनाराकडून तिने गुपचूप करवून घेतले होते. शेपूट जाड, कान मोठे. उंदीर म्हटले असते तरी चालले असते. मी म्हणालो, "अगं, आपण कुठं मारलं?" तिने त्याचे उत्तर दिले नाही. उलट मलाच विचारले, "एकंदर किती झाली रे? तुला आठवतं?"

"नाही," मी म्हणालो. अकरा. पहिल्या खेपेला चार, मग तीन, मग चार.

मावशींना मी काय शहाणपण शिकवणार होतो? सात हजार आणि फुकट, एवढेच दोन भाव त्यांच्यापुढे होते.

चौकशी करू लागलो तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. रस्त्यावरच्या कुत्र्याची काही ना काही सोय आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली त्यांच्या संततिनियमनाचे नियम झाले, २०२३ साली त्यांच्या जागी नवे आले: धरायचे, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलले तिथेच नेऊन सोडायचे. गाडी सगळीकडे वेळेवर येते असे नव्हे; पण ते सरकारी काम आहे आणि कुत्र्याला कोणी पैसे मागत नाही. पाळलेल्या जनावराचा भार पाळणाऱ्यावर. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत उंदरांसाठी ठेवलेल्या मांजरीचा पाळणारा आणि माझ्यासारखा पेन्शनर, या दोघांना एकच माप लावले की मधली पिले मासळीबाजारात जातात.

शेवटी एका धर्मादाय संस्थेच्या शिबिराचा पत्ता लागला. वसुबारसेच्या आधीचा रविवार, एका शाळेचा हॉल, भाटीचे नऊशे रुपये. एवढे स्वस्त कसे, म्हणून मी माझ्या कारकुनी स्वभावाप्रमाणे आधी संशय घेतला. मग कळले की जागा फुकट, दिवसाला तीसएक जनावरे, औषधे घाऊक, डॉक्टर सुटीच्या दिवसाचे अल्प मानधन घेणारे, आणि उरलेली तूट देणगीदारांची. हत्यारे मात्र प्रत्येक वेळी निर्जंतुक केलेली. ते मी खिडकीतून पाहून घेतले.

मी मावशींना म्हटले, पैसे मी भरतो. त्या ताठ झाल्या. "मांजर माझं हाय. दिवाळीचं द्याल त्यातनं नऊशे आधी द्या." मी दिले.

सोनीला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे होते. सकाळी सातला मावशी आल्या त्या रडवेल्या होऊन. सगळी रात्र तिने वाडगे चाटून आवाज केला होता. मांजर नेण्याचा पिंजरा आमचा होता, पण सोनी त्यात शिरेना. ती मावशींच्या बाजाराच्या पिशवीत शिरली, स्वतःहून.

शाळेच्या ओटीवर रांग होती. एक रिक्षावाला शर्टाच्या आत बोका घेऊन बसलेला. कॉलेजातल्या दोन मुली, वसतिगृहाच्या आवारातल्या चार मांजरींसह. आणि एक आजोबा, ज्यांची कुत्री आणि ते दोघेही सारखेच थरथरत होते. बाके पहिलीतल्या मुलांची. सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागलेले. फराळाचे डबे फिरले. रिक्षावाला म्हणाला, त्याचा बोका घरभर मुतून ठेवतो, बायकोने निर्वाणीचे सांगितले आहे: एक तर तो, नाही तर मी.

डॉक्टरीणबाईंनी सोनीचे पोट चाचपले. "दूध आटलंय, पुन्हा दिवस नाहीत. वेळेवर आणलीत." सोनी घरात कमी आणि गल्लीत जास्त असते हे ऐकून त्यांनी विचारले, डाव्या कानाचे टोक कापू का? भूल असतानाच कापतात. मग हिचे झालेले आहे हे लांबूनही कळते, आणि कोणी दुसऱ्यांदा धरून पोट फाडत नाही. मावशींनी जरा विचार केला. "कापा. कान काय, ऐकू येतंय तोवर चांगला."

दुपारी आम्हाला आत बोलावले. वर्तमानपत्रांवर ओळीने निजवलेली जनावरे, सोनी तिसरी. मावशी पुढे झाल्या आणि थबकल्या. माझे मनगट त्यांनी एवढ्या जोराने धरले, की घड्याळाचा पट्टा रुतला.

"काका, डोळे उघडे हायत तिचे."

माझ्याही तोंडाला कोरड पडली. एक मदतनीस मुलगी हसत आली. या भुलेत मांजराचे डोळे मिटत नाहीत, म्हणून कोरडे पडू नयेत असे मलम घालतात, असे तिने सांगितले आणि मावशींचा हात धरून सोनीच्या बरगड्यांवर ठेवला. मावशींनी तो बराच वेळ तिथेच ठेवला.

तिन्हीसांजेला सोनीने मान उचलली, ती आपटली, पुन्हा उचलली. मग सोडले. रिक्षात मावशी बाजूला बसल्या आणि पिशवी माझ्या मांडीवर. आमच्या सोसायटीच्या अलीकडे मासळीचा बाजार लागतो. मावशींनी रिक्षा थांबवली.

"आज काही द्यायचं नाही म्हणालेत," मी म्हटले.

"उद्याला," म्हणाल्या, आणि पन्नास रुपयांची मांदेली घेऊन आल्या.