अंगठ्याचा ठसा

आज २८ फेब्रुवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिणामाचा शोध १९२८ साली याच दिवशी लागला, आणि १९८७ पासून आपण हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. आज देशभरातील प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी खुल्या असतात. बातम्यांत अंतराळयाने, दुर्बिणी आणि क्वांटम संगणक असतात. मला मात्र एका लाल मडगार्डविषयी लिहायचे आहे. रामन यांचा शोध मी आयुष्यात सर्वांत निरुपयोगी रीतीने वापरला, तो त्या मडगार्डसाठी.

अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर माझे मामा पर्यटकांना एटीव्ही चालवायला देतात. गाड्या दोनच, त्याही जुन्या घेतलेल्या. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने त्यांची प्लास्टिकची मडगार्डे विटून गुलाबी-पांढरी झाली होती. "गिऱ्हाईक इंजिन बघत नाही, रंग बघतं," असे मामांचे म्हणणे. दिवाळीचा हंगाम तोंडावर होता. माझे डॉक्टरेटचे काम पृष्ठभागांच्या भौतिकीवर झालेले असल्याने मामा किनाऱ्यावर सगळ्यांना सांगत, "आमची भाची डॉक्टर आहे, पण वस्तूंच्या कातडीची." त्यांनी मला विचारले, "आपण घरीच रंग मारला तर टिकेल ना?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "टिकेल."

मामेभाऊ आणि मी मिळून मडगार्डे साबणाने धुतली, वॉटर पेपरने घासली, आणि बाजारातून आणलेल्या रंगाचे दोन हात स्प्रेने मारले. गाड्या नव्यासारख्या चमकू लागल्या. दिवाळीच्या सुट्टीतील तिसऱ्या दिवशी एका मडगार्डच्या कडेचा रंग सुटला. तिथे नख लावताच तळहाताएवढा पापुद्रा अखंड निघून आला. दोन दिवसांत दोन्ही गाड्यांना जणू गजकर्ण झाले. पर्यटक शेजारच्या गाड्यांकडे वळू लागले. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. संध्याकाळी ते वाळूत पडलेल्या लाल पापड्या वेचत होते; समुद्रात जाऊ नयेत म्हणून. मी त्यांच्या मागोमाग वेचत होते. ते रागावले असते तर बरे झाले असते.

परतताना मी मडगार्डचा एक तुकडा कापून नेला. प्रयोगशाळेत रामन वर्णपटमापकावर वेळ मिळायला आठवडा लागला. वर्णपटात १०६२, ११३० आणि १२९५ प्रति सेंटिमीटर या जागी नेमकी शिखरे उभी राहिली. शंकाच नव्हती, हे पॉलिएथिलीन. मी विजयी स्वरात मामांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "बाय, ते तर मडगार्डच्या आतल्या बाजूला लिहिलेलंच आहे." खरेच होते. साच्यातूनच उमटलेली कोनी कंसांतली दोन अक्षरे, 'पीई'. मी मडगार्ड उलटे करून पाहिलेच नव्हते.

आता त्या दोन अक्षरांचा अर्थ. द्रवाचा थेंब घन पृष्ठावर किती पसरेल, याचा विचार थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडला. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तर पॉलिएथिलीनची पृष्ठऊर्जा सुमारे ३१. पाण्याच्या रेणूंना त्या पृष्ठापेक्षा एकमेकांची ओढ अधिक, म्हणून थेंब गोल होऊन बसतो. रंगातील द्रावकाचा पृष्ठताण बराच कमी असल्याने रंग पसरतो, आणि नेमके तेच फसवे असते. पसरणे म्हणजे चिकटणे नव्हे. पॉलिएथिलीनच्या साखळीत केवळ कार्बन आणि हायड्रोजन असतात. रंगाच्या रेणूंनी हात धरावा असा एकही ध्रुवीय गट त्यांत नसतो. घासल्याने पृष्ठ खरखरीत होते, त्याचे रसायन बदलत नाही.

यातील एकही ओळ मला नवी नव्हती. हे सारे माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. तरीही किनाऱ्यावर मी 'हे कोणते प्लास्टिक?' हा पहिला प्रश्न विचारला नाही. कारण कबूल करायला हवे. ते काम मला प्रश्न विचारण्याच्या योग्यतेचे वाटले नव्हते. प्रयोगशाळेत काचेची पट्टी तासभर स्वच्छ करणारी मी, मामांच्या गाडीला साबण पुरेल असे मानून चालले.

मामांनी मग अलिबागच्या एका पेंटरकाकांना गाठले. ते आयुष्यभर गाड्यांचे बंपर रंगवत आले आहेत. त्यांनी आधी उरलेला रंग खरवडला, मडगार्डे धुऊन उन्हात सुकवली, स्वच्छ पांढऱ्या फडक्याने स्पिरिट फिरवले, आणि दर वेळी फडक्याची नवी बाजू घेतली. "तीच बाजू फिरवली तर मळ निघत नाही, नुसता जागा बदलतो," ते म्हणाले. स्पिरिट पूर्ण उडाल्यावर त्यांनी डबा आणि फडकी अंगणापार नेऊन ठेवायला लावली. मग गॅसची टॉर्च पेटवली आणि तिची निळी ज्योत मडगार्डवरून झरझर फिरवली. ज्योत एका जागी क्षणभरही थांबत नव्हती.

मला तो जुना टोटका वाटला. प्लास्टिक वितळेल, असे मी म्हणालेसुद्धा. त्यांनी उत्तर न देता मडगार्डवर तांब्याभर पाणी ओतले. न भाजलेल्या बाजूवर पाण्याचे मणी होऊन घरंगळले. भाजलेल्या बाजूवर पाण्याची सलग, आरशासारखी पातळ चादर उभी राहिली. संपर्ककोन मोजण्याचे आमचे उपकरण महागडे आहे. पेंटरकाकांचे उपकरण तांब्या होता.

घडले ते असे. ज्योतीतील क्रियाशील ऑक्सिजनयुक्त कणांनी अगदी वरच्या, काही नॅनोमीटर जाडीच्या थरातील साखळ्यांवर हायड्रॉक्सिल आणि कार्बोनिल गट बसवले. जिथे धरायला हात नव्हते, तिथे हात उगवले. दुधाच्या पिशवीवरची अक्षरे टिकतात तीही याच तत्त्वावर. छपाईपूर्वी त्या पातळ पॉलिएथिलीनवर विद्युत विसर्गाचा मारा केलेला असतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने अंगोरा सशाच्या गुळगुळीत, कातताना निसटणाऱ्या लोकरीवर प्लाझ्माचा उपचार करून तिच्या तंतूंचे परस्परघर्षण वाढवले, तेही काम मुळात पृष्ठभागाच्या याच पातळ कातडीवरचे. संलयनाचा ध्यास घेतलेल्या संस्थेने लोकरीकडे वळून पाहिले, हे मला आज विशेष मोलाचे वाटते.

ज्योतीचा परिणाम काळासोबत ओसरतो, म्हणून काकांनी लगेच प्लास्टिक प्रायमर मारला. मग लवचीकपणासाठीचे द्रव्य मिसळलेल्या रंगाचे पातळ-पातळ तीन हात, प्रत्येकानंतर थोडी विश्रांती. ज्योत आणि प्रायमर यांच्या दरम्यान त्यांची एकच सूचना होती, "आता कुणी हात लावू नका." आणि मी, पाणी कसे पसरले होते ते जवळून पाहण्याच्या नादात, डाव्या मडगार्डच्या कडेला हात टेकवला. त्यांनी पाहिले नाही. मीही सांगितले नाही.

एक पावसाळा उलटला आहे. वाळू, खारे पाणी, पर्यटकांच्या चपला सोसूनही रंग टिकून आहे. फक्त डाव्या मडगार्डच्या कडेला रुपयाएवढा एक लंबगोल निघाला आहे. माझ्या अंगठ्यावरच्या तेलाचा तो ठसा. गेल्या महिन्यात मी मामांना आणि पेंटरकाकांना त्याचे कारण सांगितले. मामा हसले. काका हसले नाहीत. "तेव्हाच सांगितलं असतंस तर पुन्हा पुसलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं," एवढेच म्हणाले.

विज्ञान दिनानिमित्त विद्यार्थ्यांशी बोलायला मला दरवर्षी बोलावतात. यंदा मी नागावहून मडगार्डचा तुकडा आणि एक तांब्या घेऊन जाणार आहे. यंग यांचे समीकरण फळ्यावर लिहीनच. पण आधी तो तुकडा मुलांच्या हाती देईन, आणि कोण तो उलटा करून पाहते याची वाट बघेन.