बाकावरचं पोर

जळगाव
एप्रिलअखेर, रात्री

चि. भाचीस,


तुझ्या आईचा फोन आला होता. सुट्टीतली बायबल शाळा आटोपली की मंडळीतल्या मुलांचं बास्केटबॉल पाळकसाहेबांनी तुझ्यावर सोपवलंय, तू हो म्हणून बसलीस आणि आता तुला झोप लागत नाही, असं ती सांगत होती. फोनवर मी नुसतं "कर, जमेल" म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, हे काही खरं नाही. बावीस वर्षं पोरांना खेळवलं, त्यातलं निदान कामाचं तरी तुझ्या हाती द्यायला हवं. म्हणून लिहायला बसलो.

आधी उन्हाचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, हे तुला मी सांगायला नको. सकाळी सहा ते साडेसात, त्यापुढे एक मिनिट नाही. संध्याकाळचा नाद करू नकोस, सिमेंटचं मैदान रात्री आठलासुद्धा तापलेलं असतं. माठ मैदानाच्या कडेलाच ठेव आणि पाणी पिण्यासाठी कुणाला परवानगी मागायला लावू नकोस.

दुसरं म्हणजे रिंग. कंपाउंडमधली रिंग मोठ्यांच्या मापाची, म्हणजे दहा फुटांवर असणार. बारा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर आणि चेंडू पाच नंबरचा, असं मिनी बास्केटबॉलचं माप आहे. ते कशासाठी, हे एकदा नीट बघ. दहा-अकरा वर्षांचं पोर दहा फुटांवर चेंडू टाकायला जातं तेव्हा काय करतं? चेंडू कमरेपाशी नेतं, अंग पिळतं आणि गोफणीसारखा भिरकावतं. चेंडू कधीमधी पडतोही, टाळ्याही मिळतात. पण ती सवय हाडात जाते आणि पुढे सोळाव्या वर्षी मोडता मोडत नाही. वेल्डरकडून खालच्या उंचीची एक सळईची रिंग करून घे, खांबालाच क्लॅम्पने बसते. पहिल्या आठवड्यात सामना नको, बास्केट मोजणं नको. टप्पा डाव्या हाताने, नजर वर. मी समोर उभा राहून बोटं दाखवतो आणि विचारतो, "किती?" चेंडूकडे न बघता ज्याला बोटं मोजता आली, त्याला टप्पा आला. ले-अपला पावलं उजवा, डावा आणि वर, एवढंच. चेंडू हातात न देता आधी नुसती पावलं कर, फक्कीने जमिनीवर ठसे काढून दे. मुली हे मुलांपेक्षा लवकर उचलतात, माझा अनुभव आहे. कुणी म्हणालं की मुलींना हा खेळ झेपणार नाही, तर त्याला सांग, खेळ जन्मल्यावर वर्षभरातच अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेन्डा बेरेन्सन नावाच्या बाईंनी तो मुलींना शिकवायला घेतला होता.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहितोय ते.

हा खेळ आला कुठून, ते तुला माहीत असेल, पण एक गोष्ट माझ्याही ध्यानात फार उशिरा आली. जेम्स नेस्मिथ हा कॅनडाचा. जन्म १८६१ चा, म्हणजे आपल्या रेव्हरंड टिळकांच्याच वर्षीचा. आईबाप लहानपणीच टायफॉइडने गेले आणि मामाने वाढवलं. मी मामा आहे म्हणून सांगत नाही, खरंच मामाने वाढवलं. मॉन्ट्रियलला धर्मशास्त्र शिकला. सगळ्यांना वाटलं हा आता पाळक होणार, पण याला वाटलं, माणसाचं भलं करायला उपदेशपीठ सोडून दुसरीही जागा असू शकेल. म्हणून तो अमेरिकेत स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत गेला. तिथे हिवाळ्यात घरात खेळता येईल असा खेळ शोध, म्हणून वरिष्ठांनी त्याला दोन आठवडे दिले. वर्ग द्वाड, आधीचे दोन मास्तर टेकीला आलेले. डिसेंबर १८९१ मध्ये त्याने पीचची फळं भरायच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. चेंडू घेऊन पळायचं नाही, कारण पळणाऱ्याला पाडावंसं वाटतं. टोपली डोक्यावर, कारण तिथे जोर चालत नाही, हलक्या हाताने टाकावं लागतं. धसमुसळेपणाला जागाच राहू नये, अशी त्याची सगळी धडपड होती.

आणि आता आकडा ऐक. वर्गात मुलं अठरा होती, म्हणून पहिल्या सामन्यात एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला नऊ. एकही राखीव नाही. ज्या खेळाचे आपण कोच म्हणवतो, त्याच्या पहिल्या दिवशी बाकच नव्हता. अख्ख्या सामन्यात एकच बास्केट पडली, तरी अठराही जण खेळले. पाच खेळणार आणि बाकीचे बघत बसणार, हे सगळं नंतरचं.

ही गोष्ट मला आधी कळती तर बरं झालं असतं. पुढचं मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

तू पहिली-दुसरीत असशील तेव्हाची गोष्ट. वसतिगृहातला एक मुलगा माझ्याकडे यायचा, नवापूरकडचा, मावची घरातला. वय तेरा. अंगाने काटकुळा, बोलायला अगदी कमी. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन मैदान झाडायचा, फक्कीच्या रेषा मारायचा, चेंडूंत हवा भरायचा. खेळ वाईट नव्हता. डाव्या बाजूचा ले-अप तर मोठ्यांना जमणार नाही असा सफाईदार. पण समोर गर्दी झाली की गोंधळायचा, चेंडू हातातून जायचा. सराव सगळा करायचा आणि सामन्यात मी त्याला दोन-चार मिनिटं उतरवायचो. तोही कधी काही बोलला नाही. बोलला नाही म्हणून मी धरून चाललो की त्याला चालतंय.

शेवटचा सामना धुळ्याच्या मुलांशी होता, तोही आमच्याच मैदानावर. वसतिगृहाच्या मुलांचे आईबाप सहसा येत नाहीत, येणार कसे, एवढ्या लांबून. पण त्याचा बाप आला. आदल्या रात्री सुरत-भुसावळ पॅसेंजरने नवापूरहून निघून पहाटे स्टेशनवर उतरला आणि चालत मैदानावर. पांढरा धुतलेला शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत गावठी आंबे. भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला आणि सामना संपेपर्यंत जागचा हलला नाही.

सामन्याआधी मी प्रार्थना घेतली. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर चार शब्दही बोललो. सगळ्यांत लहानाला जे केलं ते मला केलं, हे त्या अध्यायातलं वचन तुला पाठ आहे. मग शिट्टी झाली आणि चाळीस मिनिटं मी त्या पोराकडे पाहिलं नाही. सामना अटीतटीचा होता. एक गुण वर, एक गुण खाली. तिसऱ्या डावात आमचा एक जण दमून लटपटत होता, तरी मी बदली केली नाही. बाकावर पोर बूट घट्ट बांधून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेलं. चार गुणांनी आम्ही जिंकलो. ढाल आली, फोटो झाला.

लोक पांगल्यावर बाप माझ्याजवळ आला. रागाने नाही. हात जोडून, हळू आवाजात विचारलं, "सर, पोराला बरं नाही का?"

त्याला वाटलं होतं, पोर आजारी आहे, म्हणून सरांनी काळजीने बसवून ठेवलंय. दुसरं काही कारण असू शकतं, हे त्या माणसाच्या मनातच आलं नाही. मी म्हटलं, "नाही, बरा आहे." पुढे मला शब्द सुचला नाही. त्याने मान हलवली. मग पोराने पिशवीतले आंबे सगळ्यांना वाटले, जिंकलेल्यांना आणि हरलेल्यांनाही. मलाही एक दिला. मी तो खाल्ला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पोर वसतिगृहात परत आलं, मैदानावर आलं नाही. मी एकदा निरोप धाडला. "अभ्यास आहे" असं उत्तर आलं. पुढे जाऊन त्याला भेटायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. ते मी केलं नाही. दहावीनंतर तो गेला आणि माझा-त्याचा धागा तुटला.

मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. तिथे झोन डिफेन्स शिकवला, फास्ट ब्रेक शिकवला, नाडीचे ठोके मोजायला शिकवले. बाकावर कोण किती वेळ बसला हे मोजायला मला त्या बापाने शिकवलं.

तेव्हापासून मी वही ठेवतो. गणित साधं आहे. चाळीस मिनिटं गुणिले पाच, म्हणजे दोनशे मिनिटं तुझ्या हातात असतात. पोरं बारा असली तर प्रत्येकाच्या वाट्याला सोळा मिनिटं चाळीस सेकंद. हा त्याचा हक्क आहे, तुझी मेहेरबानी नव्हे. प्रत्येक डावाचे पाच-पाच मिनिटांचे दोन तुकडे कर. आठ तुकडे, प्रत्येकात पाच जण, म्हणजे चाळीस जागा. बारा पोरांना प्रत्येकी तीन दिल्या की छत्तीस झाल्या. उरलेल्या चार कुणाला द्यायच्या तेवढंच तू ठरवायचं, आणि पुढच्या सामन्यात ते चार वेगळे. हे सामन्याआधी कागदावर लिही. सामना सुरू झाल्यावर तुझं मन तुझं राहत नाही, स्कोअरचं होतं. आणि एकाच तुकड्यात पाचही कच्चे खेळाडू घालून बाकीच्या वेळी पक्के खेळवायची युक्ती करू नकोस. पोरांना ती पहिल्याच दिवशी कळते. अमेरिकेत स्पार्टनबर्ग नावाच्या गावात एका बॅप्टिस्ट चर्चने १९८६ मध्ये मुलांचे सामने सुरू केले, त्यातून पुढे मोठी चळवळ झाली. तिथेही बदली अशीच ठरलेल्या मिनिटांनी होते, कोचच्या मर्जीने नाही. मला हे नंतर समजलं आणि बरं वाटलं, की आपण एकटेच वेडे नाही.

तू हरशील. पहिल्या वर्षी तर नक्की हरशील. पालक येऊन म्हणतील, माझा मुलगा एवढा चांगला खेळतो, त्याला बाहेर का काढलं? त्यांना वही दाखव. चिडून नको, शांतपणे. जिंकायचं नाही असं मी म्हणत नाही. पोरांनी जीव तोडून खेळावं, हरल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी यावं, ते चांगलंच आहे. पण बारा जणांनी हरावं. पाच जणांनी जिंकून सात जणांनी टाळ्या वाजवाव्यात, त्याला मी मंडळीचा संघ म्हणणार नाही.

कंपाउंडच्या भिंतीबाहेरच्या, म्हणजे मंडळीत नसलेल्या पोरांविषयी पाळकसाहेबांनी विचारलं, असं ताई म्हणाली. आत घे. आपली संख्या ती किती! पश्चिम खानदेशात स्वीडिश मिशन आलं, भुसावळ-चाळीसगावकडे अलायन्स मिशन, आज शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, तरी एका गावात एका वयाची बारा मुलं जमवायला आपल्याला मुश्कील. पण मी म्हणतो ते संख्येसाठी नाही. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्टसाहेबांनी १९२० च्या दशकात नेबरहूड हाउस उभं केलं. पुढे १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची संस्था त्याच वास्तूत सुरू झाली. त्या वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की तिथल्या गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर निघाला, भारताचा कप्तान झाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. वस्ती बहुतेक मुसलमानांची, खेळ आणला ख्रिस्ती लोकांनी. कुणी कुणाला नाव बदल म्हटलं नाही. मला ती गोष्ट आपल्या मिशनच्या इतिहासातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. तेव्हा शेजारच्या पोरांच्या घरी तू स्वतः जा, चहा घे, सरळ सांग की सरावाआधी आम्ही दोन मिनिटं प्रार्थना करतो, तुमच्या मुलाने त्यात उभं राहायचं की माठाजवळ थांबायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि जो माठाजवळ थांबेल, त्याची मिनिटं वहीत बाकीच्यांइतकीच असू देत.

प्रार्थनाही छोटी कर. जिंकू दे म्हणून मागू नकोस, पलीकडे माझी जळगावची पोरं तेच मागत असतील. कुणाला लागू नये, एवढं माग.

वसतिगृहाची मुलं तुझ्याकडेही असतील. त्यांचं कुणी बघायला येणार नाही असं धरून चालू नकोस. सामन्याचा दिवस आठ दिवस आधी त्यांच्या गावी कळव, आणि जो कुणी येईल त्याला बसायला खुर्ची दे, सावलीत.

येत्या शनिवारी पहाटेच्या एसटीने मी धुळ्याला येतो, पारोळ्यावरून. फक्की, पंप आणि टेप आणतो. आखलेली एक नवी वहीही आणतो. ताईला म्हणावं कळण्याची भाकरी आणि ठेचा कर. तू तेवढं खांबाचा घेर मोजून कळव, क्लॅम्प इथूनच करून आणीन, आणि एकूण पोरं किती आली तेही लिही.

तुझा,
मामा