तळ्यातला बग

आमचं गाव फुलसावंगी. तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. पुण्यात हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नागपूरजवळ ना?" नाही हो, नागपूर बरंच लांब! असो.

तर गेल्या जानेवारीत परसात तळं खोदून घेतलं. २० बाय १५ फूट, खाली जाड प्लास्टिक. आयडिया अर्थातच माझी. कापसाचं काही खरं नाही, बाबांना जोडधंदा होईल, असा माझा इंजिनिअरी हिशोब. एका बीजवाल्याकडून 'देशी मांगूर' म्हणून ३०० बोटुकली आणली.

बाबा एकदम रमले. मांगूर मुख्यतः रात्री खातो, म्हणून दिवस कलला की कोंडा आणि भुईमुगाची ढेप कालवून गोळे टाकायचे. आधी घमेल्यावर दोनदा टकटक, की आलेच सगळे मिशा हलवत! हा मासा वर येऊन हवाही घेतो, त्यामुळे गढूळ पाण्यातही तगतो. पाच महिन्यांत एकही मेला नाही. "कापसापरीस बरं हाय बाबू," बाबा फोनवर म्हणायचे.

जूनच्या पहिल्या वीकेंडला घरी गेलो. एक मासा सहज काट्यावर ठेवला, तर सव्वा किलो! देशी मांगूर इतक्या लवकर एवढा होत नाही. तेव्हा कुठे मी वाचायला बसलो. (रिक्वायरमेंट न वाचता कोडिंग, दुसरं काय!) मत्स्यव्यवसाय खात्यातल्या एका साहेबांना फोटो पाठवले. उत्तर आलं: आफ्रिकन मांगूर, बाजारातला 'थाई मांगूर'. भारतात २००० सालापासून त्याच्या पालनावर बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही त्यावर कडक कारवाई करायला सांगितलं.

बाबांना सांगताना जीभ अडखळत होती.

"काहून? आपण तं त्याले साधी ढेप चारली. सडकं मटण थोडीच चारलं?"

"चाऱ्याचा प्रश्न नाही बाबा. पावसात तळं भरून वाहिलं तर हे नाल्यात जातील, तिथून पैनगंगेत. ओल्या जमिनीवरून सरपटतातही. नदीतले बारके मासे, त्यांची अंडी, काही ठेवणार नाहीत."

काहीही खातो, कुठेही जगतो, मरत नाही. ज्या गुणांसाठी आम्ही पाच महिने त्याचं कौतुक केलं, नेमके तेच गुण नदीच्या मुळावर. ऑफिसमध्ये चुकलं तर रोलबॅक करता येतं. नदीत गेलेला मासा परत कोण आणणार?

बाबा बराच वेळ काठावर बसून राहिले. मग म्हणाले, "आभाळ भरून यायच्या आत उरकू."

रविवारी मोटर लावली. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधून पाणी शेतात सोडलं. मासे खोल खड्ड्यात पुरले, वर चुना. विकायचे नाहीत, खायचे नाहीत. बाबांनी मला खड्ड्याजवळ येऊ दिलं नाही. मीही हट्ट केला नाही, खोटं कशाला बोलू?

काल फोन आला. उरलेली ढेप म्हशीला चालू आहे म्हणे. आणि पुढे, "यंदा रोहू-कटला टाकू म्हणतो. पण पैसे द्यायच्या आंधी तुले फोटो पाठवतो. नीट पाह्यजो."

हो बाबा. या वेळी आधी रिव्ह्यू, मग डिप्लॉयमेंट.