चावीची गाडी आणि एक नाव

पत्र्याच्या जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या जमवणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. गाडी सापडली तशी ठेवायची, की नवा रंग देऊन चकाचक करायची? मी पहिल्या गटातला. त्यामागे हौसेपलीकडचे एक कारण आहे, तेच आज सांगतो.

आधी हा पत्रा कसला ते पाहू. लोखंडाचा पातळ पत्रा आणि त्यावर कथलाचा मुलामा. आपल्याकडे पितळी भांड्यांना कल्हई लावतात तीही कथलाचीच. मुलामा शाबूत असेपर्यंत पत्रा टिकतो, ओरखडा पडला की तिथून गंज धरतो. स्वस्त गाड्यांना ब्रशने रंग देत नसत. सपाट पत्र्यावरच सगळे चित्र छापून घेत: रिबिटी, खिडक्या, खिडकीतला ड्रायव्हरसुद्धा. मग साच्यात दाबून आकार द्यायचा आणि पत्र्याच्या बारीक जिभा खाचांत घालून मुडपायच्या. अशी छपाई एकदा गेली की ब्रशने परत येत नाही.

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, मला अशीच एक चावीची गाडी मिळाली. इंजिन आणि दोन डबे होते, रूळ नव्हते. रुळांची मात्र काळजी नव्हती. जर्मनीच्या म्यार्कलिन कंपनीने 1891 साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठराविक मापाच्या रुळांची पद्धत मांडली आणि हळूहळू इतरांनीही ती मापे उचलली. पुढे 'ओ' हे 32 मिलिमीटरचे माप सर्वत्र रुळले. त्यामुळे माझ्याकडच्या लिव्हरपूलच्या हॉर्नबी रुळांवर ही गाडी सहज बसली. चालेना मात्र. आतली कमान खिळ्यावरून सुटली होती आणि जुने तेल डिंकासारखे घट्ट झाले होते.

ती एका घड्याळजी चाचांकडे नेली. भिंगातून बघत ते म्हणाले, "कमान बिठा देता हूँ, भाई. रंग भी नया मार दूँ? चमक जाएगी."

"नहीं चाचा, रंग को हाथ मत लगाना."

"क्यूँ? किसी का नाम लिखा है इस पर?"

लिहिले होते खरे. बारीक अक्षरांत 'मेटॉय'.

हे नाव इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनचे, पण त्याचा उगम जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये आहे. न्यूरेंबर्ग म्हणजे पत्र्याच्या खेळण्यांची राजधानी. पहिल्या महायुद्धाआधी तिथला बिंग बंधूंचा कारखाना जगातला सर्वांत मोठा खेळण्यांचा कारखाना म्हणून ओळखला जाई. बिंग ज्यू होते. तिथल्याच टिप अँड कंपनीचे मालक फिलिप उलमान हेही ज्यू. 1933 साली नाझी सत्तेवर आले आणि उलमान यांना देश सोडावा लागला. त्यांचा कारखाना नाझी राजवटीने बळकावला. त्याच कारखान्यातून पुढे हिटलरच्या मोटारीचे खेळणे निघाले, आत पुतळ्यासारखा बसलेला हिटलर. ज्याला हाकलले त्याच्याच यंत्रांवर हाकलणाऱ्याचे खेळणे!

उलमान नॉर्थॅम्प्टनला आले. आर्थर काट्झ या न्यूरेंबर्गमधल्या सहकाऱ्याला सोबत घेऊन त्यांनी पुन्हा पत्राच हाती घेतला. 'मेटल' आणि 'टॉय' जोडून नाव ठेवले मेटॉय. 1956 साली याच कंपनीने कॉर्गी या नावाने छोट्या मोटारी काढल्या. आपल्या मागच्या पिढीतल्या काही मुलांना त्या ठाऊक असतील.

नाव ऐकल्यावर भाड्याचे घर अचानक 'आधीच गेलेले' असते, हा अनुभव मला दोनदा आला आहे. त्याची तुलना न्यूरेंबर्गशी करणे चूक ठरेल. तिथे जे घडले ते वेगळ्याच पातळीवरचे होते, लाखोंचे जीव गेले. पण आपल्या नावापाशी समोरच्याचा आवाज बदलतो तेव्हा पोटात काय होते, ते मला कळते. म्हणून गाव आणि कारखाना गमावलेला माणूस पुन्हा काम उभे करतो आणि त्यावर नवे नाव छापतो, ते नाव माझ्या हातून रंगाखाली जाऊ नये असे वाटते.

याचा अर्थ गाडी काचेमागे कोंडावी असा नाही. काही संग्राहक खोक्यातून कधीच न काढलेल्या गाडीला जास्त भाव देतात. म्हणजे जिच्याशी कोणते मूल खेळलेच नाही ती गाडी मोलाची! मला हे पटत नाही. यंत्राला हलके तेल लागते आणि ते पसरायला फिरणे लागते. मऊ कापडाने पुसावे, छपाईवर थिनर अजिबात लावू नये, कमान शेवटच्या वळशापर्यंत ताणू नये. एवढे पथ्य पाळले तर आपल्या आजोबांच्या काळातले इंजिन आजही धावते.

चाचांनी कमान बसवली, रंगाला हात लावला नाही. गाडी देताना मात्र त्यांनी नावाची ती अक्षरे अंगठ्याने हलकेच पुसली आणि विचारले, "तो ये साहब वापस गया कभी अपने गाँव?"

युद्धानंतर न्यूरेंबर्गचा कारखाना उलमान यांना परत मिळाला, एवढे मी सांगितले. चाचांनी मान हलवली, चावी दिली आणि इंजिन टेबलावर सोडले. कडेशी पोहोचायच्या आत मी ते पकडले.