एक पद, दोन चाली

नव्या सुनेची आणि नव्या चालीची घरात गत एकच! दोघींनाही आधी जुन्या माणसाशी ताडून पाहतात. जितेंद्र अभिषेकींच्या चाली आमच्या रत्नागिरीच्या घरात आल्या तेव्हा असेच झाले.

आमचे आप्पा पेटी वाजवीत. बालगंधर्वांच्या पदांवर त्यांचा पिंड पोसलेला. "पद रंगात येते न येते तोच संपते!" ही त्यांची तक्रार. जुन्या संगीत नाटकात गवई राग मांडून बसे, 'वन्समोअर' घेई, आणि कथानक बिचारे विंगेत ताटकळत राही. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून अभिषेकींनी पद आटोपशीर केले, पात्राच्या मनःस्थितीला बांधले. आप्पांना तेच खटके.

मला हा संगीतकार उमगला तो 'कट्यार काळजात घुसली'मुळे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. मी ते पुष्कळ वर्षांनी, सावरकर नाट्यगृहात हौशी मंडळींनी केलेले पाहिले. दोन घराण्यांचे वैर हा नाटकाचा विषय. पण एक पद दोन्ही घराण्यांच्या तोंडी आहे. पंडितजींच्या घराण्यात ते धानीत गातात, तेव्हा भुंगा फुलावर अलगद उतरतो. खाँसाहेब तेच शब्द सालगवराळीत घेतात, तेव्हा तोच भुंगा सारी बाग डोक्यावर घेतो! मूळ संचात पहिली चाल प्रसाद सावकारांनी गाजवली, दुसरी वसंतराव देशपांड्यांनी.

आणि दोन्ही चाली बांधणारा माणूस एकच. हे त्याला साधले कसे? मंगेशीच्या कीर्तनकाराचा हा मुलगा गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ यांच्यापाशी शिकला. जयपूरच्या विद्येसाठी गुलुभाई जसदनवाल्यांकडे गेला. आणि मिळवलेले सारे, शिष्यांना घरी ठेवून, वाटून टाकले. नाटकातले खाँसाहेब विद्या कुलपात ठेवतात. त्या कुलपाची किल्ली संगीतकाराने आपल्या चालींतच ठेवली होती.

घरी येऊन मी आप्पांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. पेटी ओढून त्यांनी दोन्ही चाली सावकाश काढल्या. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी भाता मिटीत म्हणाले, "माणूस दोन्ही घरी जेवलेला आहे."

आप्पांची स्वरलिपीची एक वही होती. पन्नास वर्षे जमवलेल्या चाली तिच्यात. ती ट्रंकेत असे. आम्हां मुलांनाही हात लावायची बंदी. शेजारची एक मुलगी पेटी शिके. तिने दोनदा मागूनही तिला ती मिळाली नव्हती.

त्या दिवाळीत ती फराळाचे ताट घेऊन आली. आप्पांनी ताट रिकामे केले, आणि रिकामे ताट परत देऊ नये म्हणून त्यात ती वही ठेवली.