चावडीचें छप्पर

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आमच्या घरांत तीन पिढ्या ऐकिवांत आहे. पोलीसठाण्याची पायरी तर त्याहूनहि वर्ज्य. असें असतां, उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविलेले आम्ही हल्लीं आमच्या पेठेंतील ठाण्यास सरकारी खर्चानें नवी इमारत मिळावी म्हणून सह्या गोळा करीत हिंडतों, हें पाहून स्नेहीमंडळींस गंमत वाटते. "मास्तर, देवळाची वर्गणी मागा, देऊं, हें पोलिसांचें वकीलपत्र केव्हांपासून घेतलेंत?" असा प्रश्न कट्ट्यावर रोज होतो. त्याचें उत्तर एकदां सविस्तर द्यावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमची एक पुतणी सासरीं मार खाऊन आमच्या घरीं आली. तिचे आईवडील हयात नाहींत. घरांत दोन दिवस खल झाला. "घरचीं लक्तरें वेशीवर कशाला टांगायचीं?" असें आमच्या थोरल्या बंधूंचें मत पडलें. त्यावर सौ. म्हणाली, "लक्तरें तिच्या अंगावर आहेत, आणि तुम्हांला काळजी वेशीची!" मग कोणी बोललें नाहीं. तिसऱ्या दिवशीं मुलीस घेऊन आम्ही ठाण्यांत गेलों.

वास्तु जुनी. कौलांच्या जागीं पत्रे आले होते, तरी पाणी गळावयाचें तें गळतच होतें. नोंदवह्यांच्या कपाटावर मेणकापड आणि खालीं बादली. एकाच खोलींत ठाणे अंमलदारांचें टेबल, बिनतारी संच, भांडून आलेले दोन फेरीवाले, बांकावर पेंगणारा एक मद्यपी, आणि आम्ही. महिला हवालदार फार सौजन्यानें बोलल्या. मुलीस घेऊन बसण्यास त्यांनीं जागा शोधली; ती निघाली जिन्याखालीं. तेथें जप्त केलेल्या दोन सायकली आणि मुद्देमालाचीं गाठोडीं. मुलीनें एकदां त्या गाठोड्यांकडे पाहिलें, एकदां बांकावरील मंडळींकडे पाहिलें, ओढणी सावरली आणि म्हणाली, "काका, घरीं चला." आम्ही परत आलों. तक्रार सांगितली गेलीच नाहीं.

आठ दिवसांनीं त्या हवालदारबाई आपण होऊन आमच्याकडे आल्या. माजघरांत दार लावून पुतणी त्यांच्याशीं दोन तास बोलली, आणि पुढें जें व्हावयाचें तें रीतसर झालें. परंतु मधल्या आठ दिवसांत तिचा नवरा दोनदां आमच्या दाराशीं येऊन उभा राहिला होता, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. त्या ठाण्यांतील एकाहि माणसास आम्ही दोष देत नाहीं. दार लावतां येईल अशी एक खोली तेथें असती, तर ते आठ दिवस वांचले असते.

जागेच्या दोषानें काय होतें, हें पुण्यास नव्यानें सांगावें असें नाहीं. घाशीराम सावळादास १७७७ सालीं शहराचा कोतवाल झाला. १७९१ च्या ऑगस्टांत त्याच्या हुकमानें कांहीं तेलंगी ब्राह्मण एका लहानशा जागेंत कोंडले गेले आणि त्यांतील वीसांहून अधिक गुदमरून मेले. शहर खवळलें, आणि घाशीरामास लोकांनीं दगडांनीं ठेचून मारलें. ही हकीकत आम्ही वर्गांत सत्तेच्या मदाचें उदाहरण म्हणून सांगत असूं. आतां वाटतें, तींत त्या कोठडीचाहि वांटा आहे. अविचारी अधिकारी आज ना उद्यां बदलतो. कोंदट खोली मात्र पुढच्या अधिकाऱ्यासाठीं तशीच राहते.

बुधवारांतील फरासखान्याचें नांवच पाहा. पेशव्यांचे तंबू, राहुट्या, जाजमें ठेवण्याच्या कारखान्याचें हें नांव आज पोलीसठाण्यास आहे. दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनाची गर्दी अगदीं शेजारीं. १० जुलै २०१४ रोजीं त्या ठाण्याच्या वाहनतळांतच एका दुचाकींत ठेवलेल्या बाँबचा स्फोट होऊन माणसें जखमी झालीं. पेशवाईंतील पेठांच्या अरुंद जागेंत आजच्या शहराचें संरक्षण बसविणें किती कठीण आहे, हें त्या दिवशीं सर्वांस दिसलें.

आमचे चिरंजीव व्यवहारी. ते म्हणाले, "बाबा, सरकारची वाट कशाला पाहतां? एखादा बांधकाम व्यावसायिक चार महिन्यांत इमारत उभी करून देईल." देईल, यांत शंका नाहीं. शाळेस, वाचनालयास, अन्नछत्रास दान घ्यावें. पण ज्यानें ठाण्याचें छप्पर घातलें, त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन उद्यां त्याच छपराखालीं कोणी गरीब आला, तर त्याचें काय होईल? कौटिल्यानें अर्थशास्त्रांत बंधनागार बांधविण्याचें काम संनिधात्याकडे, म्हणजे कोशागाराच्या अधिकाऱ्याकडे सोंपविलें आहे, आणि स्त्रीपुरुषांच्या जागा त्यांत वेगळ्या असाव्या असें स्पष्ट सांगितलें आहे. दंड राजाचा, तर त्याची वास्तुहि राजकोशांतून. आज राजकोश म्हणजे आपण भरलेला कर.

पोलीस हा विषय राज्यघटनेनें राज्यांकडे दिला आहे. म्हणून हा पैसा मुख्यतः राज्याच्या गृहखात्याच्या तरतुदींतून यावयाचा. बांधकाम सार्वजनिक बांधकाम खातें किंवा १९७४ सालीं स्थापन झालेलें पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ करतें. अंदाजपत्रक, मान्यता, मग मार्चच्या अर्थसंकल्पांत तरतूद; ती चुकली तर पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनांतील पुरवणी मागण्या. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीकडेहि मागतां येतें. २०२४ सालीं शासनानें पुण्यासाठीं बाणेर, खराडी, वाघोली, आंबेगांव, नांदेड सिटी, फुरसुंगी व काळेपडळ अशीं सात नवीं ठाणीं मंजूर केलीं. शहर वाढतें तशीं तीं हवींतच. पण जुन्या पेठांतील गळकें छप्पर मंत्रालयांतून दिसत नाहीं. तें दाखवावें लागतें.

म्हणून आम्ही अर्ज लिहिला. मागण्या थोड्या: दार लावतां येणारी एक खोली, कोरडी मुद्देमालखोली, वृद्ध व अपंगांस चढतां येईल असा उतार, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं प्रत्येक ठाण्यांत आवश्यक ठरविलेले कॅमेरे नीट चालतील अशी वास्तु. आजवर एकशें बारा सह्या झाल्या. थोरल्या बंधूंनीं चष्मा पुसून अर्ज दोनदां वाचला, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि सही केली.

शेवटची सही पुतणीची. ती म्हणाली, "काका, खोलीला आंतून कडी असावी, एवढें लिहा." अर्ज पूर्ण झाला असें आम्ही समजत होतों, तेवढी ओळ हातानें वाढविली आहे.